अंधारात पाहण्याचा कार्यक्रम

अकोल्याच्या माणसाला थंडीबद्दल काही विचारू नये. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा हाच माणूस चौकात उभा राहून तळणीतला समोसा खातो आणि वरून उकळता चहा घेतो. तक्रार म्हणून नाही. आणि डिसेंबरात पारा जरा खाली गेला की कानटोपी, तिच्यावर मफलर, मफलरावर बायकोची शाल, असा काही बांधला जातो की सख्ख्या भावानं आवाज दिल्याशिवाय ओळख पटत नाही. मी अमरावतीची. आम्ही काही फार वेगळे आहोत असं नाही, पण बहिणीच्या सासरच्या गावाला नावं ठेवायचा हक्क मला तिच्या लग्नापासून आहे आणि तो मी सोडणार नाही.

तर अशा गावच्या लोकांना ऐन डिसेंबरात, बार्शीटाकळीच्या पुढे एका उघड्या वावरात, शेकोटीशिवाय आणि दिव्याशिवाय, रात्रभर आकाशाकडे तोंड करून पडायला लावायचं माझ्या भाचीनं ठरवलं. बरं, कोणाला? तिला पाहायला येणाऱ्या मंडळींना.

ही भाची म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दरवर्षी डिसेंबरात आपल्यासारख्याच चार खुळ्यांना गोळा करून उल्कावर्षाव पाहायला जाते. पृथ्वी म्हणे फिरता फिरता एका जुन्या धुळीच्या पट्ट्यातून जाते, त्या धुळीचे कण आपल्या हवेत शिरून जळतात, आणि आपण म्हणतो तारा तुटला. हे तिनं मला फार प्रेमानं समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, "बाई, धूळच पाह्याची तं अकोल्यात रात्री काहून जागाव लागते? दुपारी पाह्य ना." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता तिच्या स्थळांचं सांगते. मुलगी हुशार, पगार चांगला, नाकीडोळी नीटस, बोलणं गोड. फक्त सावळी. सावळी म्हणजे चांगलीच सावळी, आमच्या आईवर गेलेली, आणि आमची आई तिच्या काळात भारी देखणी बाई होती. पण हे बायोडाटात लिहायची सोय नाही. बायोडाटात भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिहायचे 'गव्हाळ'. आपल्याकडे मुलीचा रंग कोणताही असो, गव्हाळ लिहायचा. तसल्या रंगाचा गहू कोणाच्या वावरात पिकतो ते मला अजून कळलेलं नाही. मंडळी यायची, ताई पोरीला पावडर थापायची, पोहे व्हायचे, 'स्वयंपाक येतो का' व्हायचं, आणि दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. "काय आहे ना, पत्रिका जुळत नाही." दर वेळी हेच. पत्रिका पाहून, जुळवून, मग पोहे खाऊन गेलेले लोकसुद्धा हेच सांगायचे. भाऊजी फोन उभ्यानंच ऐकायचे. "बरं बरं, काही हरकत नाही, योग असतात," म्हणायचे, आणि फोन ठेवून खाली स्कूटर पुसायला जायचे. स्कूटर सकाळीच पुसलेली असायची. त्या वेळी त्यांच्याकडे बघवायचं नाही मला.

मग हे अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरदार चांगलं, आणि पत्रिका अशी जुळली की छत्तीसपैकी तीस गुण. गुरुजींनी म्हणे चष्मा काढून पुन्हा लावला. ताई हुरळून गेली. पण या वेळी पोरगी अडून बसली. म्हणाली, "एकच डाव. आन् तो माह्या जागेवर. माह्या रात्री. माह्या नियमानं."

नियम साधा होता. उल्का पाहायच्या रात्री पांढरा उजेड करायचा नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि कोणी एकदा मोबाईलचा टॉर्च लावला की सगळ्यांचा तो अर्धा तास मातीत जातो. फार गरज पडली तर लाल जिलेटीन कागद बांधलेली बॅटरी. बस. मुलानं यावं, बोलावं, विचारायचं ते विचारावं, पण सगळं अंधारात. सकाळपर्यंत नियम पाळून तो माणूस टिकला आणि तिला आवडला, तर ती हो म्हणणार. नियम मोडला तर पाहण्याचे कार्यक्रम कायमचे बंद. पोह्यांचा ट्रे ती पुन्हा हातात धरणार नाही, आणि घरात कोणी तो विषय काढायचा नाही. भाऊजींनी शब्द दिला. ताईनंही दिला, आणि किती लगेच दिला! मला बाजूला घेऊन म्हणाली, "बरंच आहे वं. अंधारात रंग दिसत नाई." आईच ती. काय बोलणार.

पंच म्हणून मला नेमलं. मी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. रात्रपाळीत आयुष्य गेलं, त्यामुळे मी जागी राहीन याबद्दल कोणाला शंका नव्हती.

वावर भाऊजींच्या मित्राचं. संध्याकाळी पोचलो तेव्हा भाचीच्या चमूतले चाचा आधीच येऊन बसले होते. चाचांचं अकोल्यात गादी-रजईचं दुकान. दुकानातल्या दहा-बारा गाद्या आणि तेवढ्याच रजया टेम्पोत घालून ते आले होते आणि तुरीच्या ओळींशेजारी एका रांगेत अंथरत होते. लग्नाचं वऱ्हाड उतरायचं असावं अशी ती रांग दिसत होती, आणि ताईच्या मनातही तेच आलं असणार, कारण ती उगाच गाद्यांवरच्या चादरी सारख्या करत फिरली. उल्का दिसली की मोठ्यानं "गेली!" म्हणून ओरडायची या चमूची पद्धत. ताईनं चाचांना विनवून पाहिलं. "मुलीले पायाले आलेल्या लोकायसमोर 'गेली गेली' काय वरडता वो? काई दुसरं म्हणा." चाचा म्हणाले, "ठीक है बहनजी, 'आ गई' बोलेंगे." आणि रात्रभर ते इमानानं "आ गई!" ओरडत राहिले. बाकीचे "गेली!" ओरडत होते. म्हणजे एकच उल्का एकाच वेळी येत पण होती आणि जात पण होती.

मुलाकडचे आले ते अंधार पडल्यावर. मुलगा, त्याची आई, आणि हे स्थळ जमवणारे त्याचे मामा. गाडीचे हेडलाईट वावरावर पडले तसे चाचा दोन्ही हात पसरून गाडीपुढे धावले. "बत्ती बंद! बत्ती बंद!" मामा घाबरले. त्यांना वाटलं दरोडा आहे. पाच मिनिटं काचच खाली करेनात.

मोबाईल सगळ्यांचे ताईच्या कापडी पिशवीत जमा झाले. मुलानं तेवढा आपला ठेवला. बँकेतून फोन येऊ शकतो म्हणे. रात्री बँकेतून कसला फोन येतो ते मी विचारणार होते, पण नियम त्यानं शांतपणे ऐकून घेतला. "पांढरा लाईट अजिबात लावायचा नाही, बरोबर? लक्षात आलं माझ्या," असं स्वतः म्हणाला. मी जाऊ दिलं. पुण्यात दोन वर्षं राहून आला होता, त्यामुळे आमचं 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायचा. त्याची आई मात्र आमच्यातलीच.

पोहे झालेच. पोह्यांशिवाय कार्यक्रम झाला तर वऱ्हाडात पाप लागतं. ताईनं घरून डब्यात आणलेले पोहे गार होऊन दगड झाले होते, आणि ते मुलीनंच ट्रेमधून द्यायचे हा ताईचा हट्ट. आता काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. भाची ट्रे घेऊन अंदाजानं निघाली आणि तिनं पहिली बशी फार अदबीनं चाचांच्या हातात दिली. "जीती रहो बेटी," चाचा म्हणाले. दुसरी मामांना मिळाली. मामांनी शेंगदाणा समजून आख्खी मिरची चावली आणि अंधारात असा काही आवाज काढला की पलीकडच्या वावरातली कुत्री उठली. पाणी शोधायला बॅटरी लावायची नाही! लाल कागदाची बॅटरी सापडेपर्यंत मामा गादीवर बसून फुसफुसत होते. मी रजईत तोंड घालून हसले. नर्स असून हसले.

मग सगळे आडवे झाले. चंद्र नव्हता. अकोल्याच्या दिशेला आकाशाच्या कडेला तेवढा पिवळट डाग होता, बाकी नुसत्या चांदण्या. भाची सांगायला लागली. ही मिथुन रास, हे दोन तारे जवळजवळ दिसतात ना, उल्का तिथून निघाल्यासारख्या वाटतात, पण तिथंच टक लावून बघायचं नाही, डोळे सैल सोडायचे. मिथुन म्हटल्याबरोबर मुलाची आई उठून बसली. "आमच्या बाबूची रास मिथुनच आहे ना!" जसं काही तो कार्यक्रम आकाशानं बाबूसाठी ठेवला होता. भाची म्हणाली, "हो का, काकू? छान." एवढंच. तिच्या संयमाचं मला कौतुक वाटलं. मी असते तर काही तरी बोलले असते.

आणि मग खरंच पडायला लागल्या. आधी एक बारीक रेघ. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन. "गेली!" "आ गई!" मुलाच्या आईला हे पसंत नव्हतं. "तारा तुटलेला पायू नये म्हणतात. कोणी तरी जाते." भाची हसून म्हणाली, "काकू, आज रात्री तं मग लोकच उरणार नाईत." हे ऐकून मुलगा हसला. मोकळा हसला. तिथून त्या दोघांचं बोलणं सुरू झालं.

मी दोन गाद्यांपलीकडे होते. कान टवकारायची गरजच नव्हती, गार हवेत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, तुला हे वेड कधीपासून. तिनं सांगितलं, लहानपणी लाईट गेली की गच्चीवर झोपायचो तेव्हापासून. त्यानं सांगितलं, त्याला बँकेचा कंटाळा येतो. तिनं विचारलं, मग काय करावंसं वाटतं. तो म्हणाला, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं." स्वयंपाकाचं एक अक्षर निघालं नाही. रंगाचं नाही. उंचीचं नाही. एकदा तर दोघं एकदम "गेली!" ओरडले आणि दोघंही लाजले. माझ्या बाजूला ताई रजईतून हात काढून माझं मनगट दाबत होती. भाऊजी घोरत होते. मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. मी देवाला म्हटलं, जमू दे बाप्पा. या पोरीचं जमू दे. तिचा आवाज असा हलका मी वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता.

पण त्याची आई! ती बाई झोपेना. कूस बदल, उसासा टाक, पुन्हा कूस बदल. शेवटी मामांना म्हणाली, कुजबुजत, पण कुजबुज अशी की बार्शीटाकळीला ऐकू जावी. "दादा, हे काय पायणं झालं का? आलो, पोहे खाल्ले, आन् मुलगी कुठी आहे? साडी घेतानी मी दुकानाच्या भाईर उनात नेऊन पायते. इथं सून घेऊन राहिलो आपण." मामांची जीभ अजून भाजत होती. मग ती मुलाकडे वळली.

"बाबू, तुहा मोबाईल दे बरं."

"आई, इथं चालत नाही."

"एक मिनिट, रे. काय होते एका मिनिटानं?"

तो थांबला. मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं एक श्वास सोडला, खिशात हात घातला आणि मोबाईल आईच्या हातात दिला.

मी "अहो बाई" म्हणत उठेपर्यंत टॉर्च लागला होता. थेट भाचीच्या तोंडावर. तीन फुटांवरून. ती दचकून उठून बसली. डोळे गच्च मिटलेले, एक हात वर. चाचा ओरडले, "बत्ती बंद! बंद करो, बाई!" आणि त्याच वेळी आकाशात ते झालं.

कशी सांगू? डोक्यावरून निघाली आणि पार पातूरच्या बाजूला गेली. हिरवट, मोठी, सावकाश. तुरीच्या झाडांच्या सावल्या जमिनीवर पडल्या आणि सरकल्या. एकही जण "गेली" म्हणाला नाही. चाचांच्या तोंडून नुसतं "या अल्लाह" निघालं. आमच्या भाऊजींची झोप मोडली नाही ती नाहीच. मागे आकाशात धुराची रेघ राहिली होती, ती पण हळूहळू वाकडी होऊन पुसली गेली.

भाचीच्या तोंडावर अजून टॉर्च होता. "काय झालं? कुठी?" ती विचारत होती. डोळे चोळत मान वर करत होती, पण तिला काही दिसत नव्हतं. वर्षभर जिची वाट पाहिली, ती तिच्या डोक्यावरून गेली आणि तिच्या डोळ्यांत त्या बाईच्या मोबाईलचा पांढरा गोळा होता. आणि मुलगा? मोबाईल देऊन तो निवांत आडवा झाला होता. आकाशाकडे बघत होता. त्यानं पूर्ण पाहिली. पोरासारखा ओरडला, "अगं, केवढी मोठी होती! हिरवी होती चक्क! तू पाहिली नाहीस?"

त्याच्या आईनं टॉर्च बंद केला, रजई अंगावर ओढली आणि समाधानानं म्हणाली, "वाईट नाई. फोटूपेक्षा बरी आहे."

माझ्या हाताला त्या क्षणी एखादी जाड सुई मिळायला हवी होती. इतका राग मला आयुष्यात कोणत्या पेशंटच्या नातेवाइकाचाही आला नव्हता.

भाची आडवी झाली, डोळ्यांवर ओढणी घेऊन अर्धा तास पडून राहिली, डोळे पुन्हा अंधाराला लागेपर्यंत. मग उजाडेपर्यंत आपलं काम करत राहिली. मुलगा अधूनमधून बोलायचा प्रयत्न करत होता. ती "हो", "नाही" म्हणत होती. बिचाऱ्याला वाटलं, तिला झोप येते आहे. पहाटे जाताना त्यानं तिला थर्मासमधला चहासुद्धा ओतून दिला. वाईट मुलगा नव्हता तो. तेच तर दुखत होतं.

परत येताना गाडीत ती माझ्या खांद्याला डोकं लावून बसली होती. अकोला आलं. मग म्हणाली, "मावशी, मले तो आवडला होता." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार.

दुपारी फोन आला. मुलगी पसंत आहे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताईनं देवापुढे साखर ठेवली, तीच साखर माझ्या तोंडात कोंबली, भाऊजींच्या कोंबली आणि पोरीच्या खोलीकडे धावली. पोरगी दारातच उभी होती.

"नियम मोडला, आई."

ताईचा हात साखरेसकट तिथंच थांबला. मग तिनं तोंड सोडलं. "एका मिनिटाच्या उजेडासाठी तीस गुणाचं स्थळ सोडतं? लोक काय म्हणतीन? कारण काय सांगशीन? बॅटरी लावली म्हणून लग्न मोडलं? अवं, त्यानं तं लावलीसुदिक नाई! त्याच्या मायनं लावली!"

"मायनं लावली," भाची म्हणाली. "पण देली त्यानं. त्याले माईत होतं, आई. 'चालत नाही' असं तो सोता म्हणाला, आन् मग देली. आज एका मिनिटासाठी मोबाईल मागतला. उद्या माही नोकरी मागतीन, परवा माह्या रात्री मागतीन, दर वेळी एकाच मिनिटासाठी. तो दर वेळी 'चालत नाही' म्हणन, आन् देऊन टाकन." तिचा आवाज इथं जरा फाटला. "आन् मंग मलेच इचारन, तू पाहिली नाहीस?"

ताई मटकन दिवाणावर बसली. भाऊजींनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शब्द दिलेला माणूस. पण मुलाकडच्यांना नकार कसा द्यायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घ्यायचीच सवय.

"मंग त्यायले काय सांगू, बेटा?"

"सांगा ना," भाची म्हणाली, "पत्रिका जुळत नाई."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग नंबर लावला. नेहमीसारखेच उभे होते. पलीकडून त्या बाईचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, आधी गोड, मग चढत चढत. असं कसं म्हणता, गुरुजींनी पाहिली ना, छत्तीसपैकी तीस गुण जुळले ना, आमी सोता मोजले ना!

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हो ना," ते म्हणाले. "कालपर्यंत जुळत होती. योग असतात."

फोन ठेवला. आम्ही तिघी दाराकडे बघत होतो, आता हे फडकं घेऊन खाली जाणार. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसले.

"पोहे करा बरं कोणी," ते म्हणाले. "गरम करा. आपल्यासाठी."